हिरकणीचे बाळ

हिरकणीची आख्यायिका आपण वर्गात अनेकदा सांगतो. कोजागिरीचा दिवस, सूर्यास्ताला बंद झालेले रायगडाचे दरवाजे आणि घरी तान्हे बाळ भुकेले असेल म्हणून अवघड कडा उतरून गेलेली गवळण. त्या कड्यावर बुरूज उभा राहिला, आईचे नाव अजरामर झाले. बाळाला मात्र कथेत नावही नाही. ही कथा जिथे संपते, तिथून अंगावर पाजणाऱ्या आईची रोजची कथा सुरू होते, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले.

आपल्या साहित्याने दूध पाहिले ते बहुधा आईच्या बाजूने. पान्हा, पदर, वात्सल्य ही सारी शब्दसृष्टी तिची. बाळ तेवढे भुकेले आणि निमूट. वास्तविक चार महिन्यांचे मूल निमूट नसते. नवजात बाळाला वीतभर अंतरावरचे, म्हणजे पाजणाऱ्या आईच्या चेहऱ्यापर्यंतचेच, जरा नीट दिसते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याची नजर खोलीभर फिरू लागते. कुकरची शिटी झाली, पडदा हलला, दारात कुणी आले, की ते पिणे सोडून मान वळवते. दिवसा चार घोट आणि रात्री मात्र निवांत, पोटभर, असा क्रम लागतो.

घरात याचा अर्थ तत्काळ लावला जातो : ‘दूध पुरत नाही.’ आमचा आक्षेप या अर्थनिर्णयनाला आहे. संहितेचे चुकीचे वाचन केले तर फार तर एक निबंध फसतो. येथे वरचे दूध सुरू होते. मग बाळ अंगावर कमी पिते, जितके कमी ओढले जाते तितके कमी दूध तयार होते आणि मुळात खोटी असलेली शंका खरी ठरते. दिवस-रात्रीत सहा-सात वेळा लघवी होत असेल, वजन वाढत असेल, मूल तरतरीत असेल, तर काळजीचे कारण नसते. वजन अडले तर मात्र डॉक्टरांना दाखवावेच. एरवी मंद उजेडाची खोली, थोडी शांतता आणि बाळ पेंगुळलेले असतानाची वेळ एवढे बहुधा पुरते.

पण ही खोली मिळावी कुठे? २०१७च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. त्यांतील आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले, तर बाळ जेमतेम चार महिन्यांचे असताना आई कामावर परतते. नेमके दिवसाचे पिणे विस्कळीत झालेले असते, तेव्हाच दिवसभर आई जवळ नसते. रात्री बाळ सारी भरपाई मागते आणि सकाळी तिला पुन्हा तासावर उभे राहायचे असते. एस.टी. स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ झाले, हे स्वागतार्हच. मात्र स्त्रीवादी समीक्षा जेथे शिकवली जाते, अशा किती इमारतींत दार लावून शांतपणे पाजता येईल किंवा दूध काढून ठेवता येईल असा एक कोपरा आहे, हे आपण प्राध्यापकांनी स्वतःला विचारावे.

हिरकणीच्या धैर्याचे पोवाडे आपण पुष्कळ ऐकवले. तिला कडा उतरावा लागला, कारण दरवाजा बंद होता. तो उघडा ठेवणे हे इतरांचे काम होते, हेही आता वर्गात सांगायला हवे.