प्रोस्टेटचा रिपोर्ट : घाबरण्याआधी समजून घ्या, लपवण्याआधी बोला

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गल्लीतले एक काका प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन घरी आले. वय 67. बायोप्सीचा रिपोर्ट होता आणि त्यातल्या ‘हाय ग्रेड’ या शब्दांखाली मुलाने पेनाने रेघ मारली होती. तीन दिवस घरात कुणी धड जेवले नव्हते. काकूंनी कानातले मोडायची तयारी केली होती. रिपोर्ट नीट वाचला, तर त्यात कॅन्सर सापडल्याचे कुठेच लिहिलेले नव्हते. लिहिले होते ‘हाय ग्रेड पीआयएन’. ज्यांनी कागद हातात दिला, त्यांनी दोन मिनिटे बसून एवढे सांगितले असते, तर ते तीन दिवस वाचले असते.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. या ग्रंथीत होणारे बदल ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. आपल्याकडे तिन्हींना एकच नाव पडते, ‘गाठ’. सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

पहिला बदल म्हणजे साधी वाढ. रिपोर्टवर ‘बीपीएच’ किंवा ‘हायपरप्लेसिया’ असे लिहिलेले असते. पन्नाशीनंतर ही फार सर्रास आढळते. नळीभोवतीचा भाग वाढतो, नळी दबते, धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावे लागते. ज्यांच्या घरात संडास नाही, त्यांना अंधारात सार्वजनिक शौचालयापर्यंत जावे लागते. म्हणून आपली म्हातारी माणसे संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. या वाढीचा त्रास मोठा आहे, पण ती कॅन्सर नाही आणि तिचा कॅन्सर होतही नाही. गोळ्यांनी बहुतेकांना आराम पडतो, काहींना ऑपरेशन लागते. मात्र लघवी पूर्ण तुंबली, तर त्याच वेळी दवाखाना गाठावा.

दुसरा बदल कॅन्सरपूर्व, म्हणजे काकांच्या कागदावरचा ‘हाय ग्रेड पीआयएन’. प्रोस्टेटमधल्या बारीक नळ्यांच्या भिंतीला पेशींचे दोन थर असतात. पीआयएनमध्ये आतल्या थरातल्या पेशी बिघडलेल्या दिसतात, पण बाहेरचा थर अजून शाबूत असतो, कधी मध्येमध्ये तुटलेला असतो. बिघाड भिंतीच्या आतच असतो. असा बदल दिसलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असे नाही. त्याच्यावर लगेच ऑपरेशन किंवा औषध देत नाहीत, लक्ष ठेवतात. बायोप्सीत सुईने साधारण 10 ते 12 बारीक तुकडे काढतात. त्यातल्या एकाहून जास्त तुकड्यांत हा बदल असेल, तर पुन्हा बायोप्सी करायची का, हे डॉक्टर ठरवतात.

तिसरा बदल म्हणजे कॅन्सर, रिपोर्टवर ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा’. इथे बाहेरचा थर नाहीसा झालेला असतो आणि बिघडलेल्या पेशी आजूबाजूला घुसू लागतात. शंका असेल तेव्हा पॅथॉलॉजिस्ट खास रंग वापरून बाहेरचा थर आहे की नाही ते पाहतात. एवढे करूनही ठरले नाही, तर ‘संशयास्पद’ असा शेरा येतो. त्याचाही अर्थ कॅन्सर नक्की असा नव्हे, पण पुन्हा तपासणी टाळू नये.

कॅन्सर असेल तर ‘ग्लीसन’चा आकडा असतो. 6 वाचून लोक समजतात की 10 पैकी 6, म्हणजे रोग अर्ध्याच्या पुढे गेला. तसे नाही. बायोप्सीत आज कॅन्सरची गणती 6 पासूनच सुरू होते, म्हणजे 6 हा सर्वांत सौम्य. अशा अनेक रुग्णांना लगेच ऑपरेशन न करता ठरावीक तपासण्या करत नजरेखाली ठेवतात. 8, 9, 10 मात्र जोराचे. तिथे वेळ घालवू नये.

आता दुसरी बाजू. बहुतेक वेळा हा कॅन्सर ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. त्यामुळे सुरुवातीला धार ठीक असते, दुखत नाही. काहींच्या बाबतीत कंबरेची हाडे दुखू लागल्यावरच कळते. गुदद्वारातून बोट घालून केलेली तपासणी एका मिनिटाची असते, पण लाजेपायी माणसे ती नाकारतात. या लाजेची किंमत पुढे सगळे घर मोजते. रात्रीचे उठणे घरातल्या बाईला आधी कळते, तेव्हा तिने विषय काढावा. लघवीत रक्त दिसले, तर वाट पाहू नये.

14 एप्रिलला वस्तीवस्तीत आरोग्य शिबिरे भरतात. तिथे नुसते रक्त काढून पीएसएचा आकडा हातात देणे मला पटत नाही. पीएसए साध्या वाढीने वाढतो, लघवीच्या संसर्गानेही वाढतो. फिनास्टेराइडसारखी गोळी चालू असेल, तर तो निम्म्यावर येतो आणि खोटा दिलासा देतो. तपासणी करा, पण आकडा समजावून सांगणारा माणूस तिथे बसवा. तो मिळत नसेल, तर पन्नाशीपुढच्या पुरुषांना लघवीचे चार प्रश्न विचारा आणि गरज असेल त्यांना डॉक्टरकडे पाठवा. तेही मोठे काम होईल.

दवाखान्यांकडेही आमचे मागणे साधे आहे. बायोप्सीच्या रिपोर्टखाली मराठीत एक ओळ लिहा : साधी वाढ, कॅन्सरपूर्व बदल, संशयास्पद की कॅन्सर. तोवर आपण विचारत राहू. ‘डॉक्टर, या चारपैकी यात काय आहे? पुढे कधी यायचे?’ रिपोर्ट जपून ठेवा. शंका वाटली, तर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. दागिने मोडण्याआधी जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, ते आरोग्यमित्राला विचारा.

काका आता ठरल्या तारखांना तपासणीला जातात. काकूंचे कानातले कानातच आहेत.