या आठवड्यात दुसरीत काय शिकवले?

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात उठलेला गदारोळ अनेकांना आठवत असेल. दोन अंकी संख्या वाचण्याची एक सोपी रीत त्या पुस्तकात दिली होती. एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’, त्रेसष्टच्या जोडीला ‘साठ तीन’. जुनी रीत काढून टाकलेली नव्हती. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारणही सरळ शब्दांत सांगितले होते : आपल्या संख्यानामांत जोडाक्षरे पुष्कळ, शिवाय लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, त्यामुळे लहान मुले अडखळतात. पण हे समजावणे लोकांपर्यंत पोचेतो मोबाइलवर विनोदांचा पाऊस पडून गेला होता आणि विषय विधानसभेतही निघाला होता. ती रीत बरी की वाईट, यावर दुमत असू शकते. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हीच रीत आदल्या वर्षी पहिलीच्या पुस्तकात आलेली होती आणि तेव्हा कुठेही आवाज उठला नव्हता. वर्गात काय शिकवले जाते याची बातमी पालकांना वर्गाकडून न मिळता वर्षभराने टीव्हीवरच्या चर्चेतून मिळाली.

शाळेकडून निरोप येत नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. पालकांचा व्हॉट्सॲप गट कोणत्याही आठवड्यात उघडून पाहा. उद्या दिंडी आहे, मुलांना वारकरी वेशात पाठवा, टाळ असल्यास द्यावेत. शुक्रवारी पिवळा दिवस, डब्यात पिवळे फळ. वेशभूषा स्पर्धेसाठी दोन मिनिटांचे भाषण पाठ करून घ्यावे. मग कार्यक्रम होतो, चाळीस फोटो येतात, त्याखाली अंगठे आणि फुले. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि शहरातल्या महागड्या इंग्रजी शाळेत यात फरक फार तर अॅपचा किंवा छापील डायरीचा. परिणाम असा की, सोमवारी कोणत्या रंगाचा सदरा लागणार हे आईला पाठ असते. मुलाला वजाबाकी समजली आहे का, हे तिला सत्र संपल्यावर प्रगतिपुस्तकातून कळते. कळते म्हणजे तरी काय? ‘ब-१’ अशी श्रेणी आणि ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ अशी नोंद. असल्या वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मिळतात, हे शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांनाही चांगले ठाऊक आहे.

म्हणून एक साधी मागणी करावीशी वाटते. प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक वर्गाने आठवड्याच्या शेवटी पालकांना एक छोटे पत्र द्यावे. त्यात आधी या आठवड्यात काय शिकलो ते यावे, मग पुढच्या आठवड्यात काय शिकणार ते, आणि सर्वांत शेवटी येऊ घातलेले कार्यक्रम. पत्राचा हा क्रम बदलू नये, कारण सगळी गोम त्या क्रमात आहे.

कार्यक्रमांशी वैर असण्याचे कारण नाही. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. यातला एकही दिवस फालतू नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर या मुलाचे नाव १९०० साली दाखल झाले, ही विद्यार्थी दिवसामागची गोष्ट चौथीतल्या मुलाला कळणे हेही शिक्षणच आहे. पण प्रत्येक दिनाबरोबर वरून एक सूचना येते, कार्यक्रम झाल्याचा फोटो मागितला जातो, अहवाल मागितला जातो. २०२३-२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान आले, त्यात शाळांनी उपक्रमांची माहिती आणि फोटो ऑनलाइन भरायचे आणि त्यावर गुण मिळवायचे. वजाबाकीचा फोटो मागणारा अधिकारी अजून जन्माला यायचा आहे. जे मागितले जाते ते दिसते आणि जे दिसते तेच पालकांपर्यंत जाते, इतका हा सरळ हिशेब आहे.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतला आकडा पाहू. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तास अध्यापन. ऐकायला पुष्कळ वाटतात. त्यांत मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, खेळ सगळे बसवायचे. समजा स्नेहसंमेलनाचा नाच बसवायला दोन आठवडे रोज दोन तास गेले, तर वीसहून अधिक तास गेले. ते जाऊ नयेत असे नव्हे. गेले हे कुणाला तरी दिसले पाहिजे. आज ते कुठेच दिसत नाही, कारण शिक्षकाच्या पाठटाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी नियोजनात, त्या दिवशीचा घटक बिनदिक्कत लिहिलेला असतो. पालकांच्या हाती जाणाऱ्या पत्रात ‘या आठवड्यात गणित दोनच दिवस झाले, बाकी वेळ संमेलनाच्या तयारीत गेला’ असे लिहावे लागले, तर पुढच्या वर्षी नाच किती दिवस बसवायचा याचा विचार शाळा आपणहून करील. माझ्या मते या पत्राचा मोठा फायदा पालकांआधी शिक्षकालाच आहे. त्याच्या वर्गातला वेळ कोण कोण खाते, याचा लेखी पुरावा त्याला फुकटात मिळतो.

पत्रात काय असावे, हे एका उदाहरणाने पाहू. दुसरीत ‘दशक सुटा करून वजाबाकी’ चालू आहे. पत्रात ‘पान ४१ ते ४६ पूर्ण’ असे लिहिले तर घरी काहीच कळणार नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘५२ मधून २७ वजा करताना बरीच मुले उत्तर ३५ काढतात. दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन घालवतात. आम्ही वर्गात काड्यांचा एक गठ्ठा सोडून बारा सुट्या काड्या करतो आणि मग सात काढतो. घरी काड्या किंवा शेंगदाणे घेऊन मुलाला हे करून दाखवायला सांगा. तुम्ही शिकवू नका.’ एवढे वाचल्यावर आईला चार गोष्टी कळतात. वर्गात काय चालले आहे, आपले मूल चुकते तर ते ढ आहे म्हणून नव्हे, चूक नेमकी कुठे होते आणि आपण काय करायचे. नाही तर होते असे की, बाप आपल्या वेळचा ‘हातचा’ शिकवायला बसतो, शाळेत गठ्ठा आणि घरी हातचा यांत मूल गोंधळते आणि शेवटी धपाटा खाते. मराठीच्या वाचनाचेही तसेच. या आठवड्यात जोडाक्षरे चालू आहेत एवढे कळले, तरी बाजारात जाता येता दुकानांच्या पाट्या वाचून घेण्याचे काम आजोबासुद्धा आनंदाने करतील.

कायद्यालाही हेच अपेक्षित आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकाची कर्तव्ये सांगते. पालकांच्या नियमित बैठका घेऊन त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती देणे हे त्यातले एक. याचा उपयोग होतो का, हे तपासणारे काम जगात झाले आहे. चिलीत सँतियागो परिसरातल्या गरीब वस्त्यांच्या शाळांमध्ये पालकांना मुलांची हजेरी, गुण आणि वर्तन यांविषयी नियमित मोबाइल संदेश पाठवले गेले, तेव्हा गणिताचे गुण आणि हजेरी दोन्ही सुधारली. बिहार आणि राजस्थानात शिक्षणतज्ज्ञ रुक्मिणी बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयांना घरी मुलांबरोबर करायच्या कृती दर आठवड्याला देऊन पाहिल्या; मुलांच्या गणितात फरक पडला, पण छोटा. बोट्सवानात २०२० साली शाळा बंद असताना दर आठवड्याला गणिते मेसेजने पाठवली गेली. नुसत्या मेसेजने ठळक फरक दिसला नाही. जोडीला पंधरा-वीस मिनिटांचा फोन गेला, तिथे दिसला. हे निष्कर्ष माझ्या मागणीला थोडे अडचणीचे आहेत, तरी ते सांगितलेच पाहिजेत. पत्र म्हणजे जादू नव्हे. कोरडा संदेश वाया जातो. मुलाला ओळखणारे माणूस त्यातून बोलते आहे असे वाटले, तरच घर हलते.

महाराष्ट्रात या दिशेने काहीच झाले नाही असेही नाही. करोनाकाळात राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज मोबाइलवर पाठवली, पाठोपाठ ‘स्वाध्याय’ नावाने दर आठवड्याचे प्रश्न आले. नंतर शाळापूर्व तयारी मेळाव्यांतून माता पालक गट उभे राहिले आणि पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांना आठवड्याच्या कृती मिळू लागल्या. हा शेवटचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात आया एकमेकींशी बोलल्या. मात्र यातले बहुतेक साहित्य एका ठिकाणी तयार होऊन साऱ्या राज्यात सारखेच गेले. गडचिरोलीच्या पाड्यावरचा दुसरीचा वर्ग या आठवड्यात कुठे आहे, हे पुण्यात बसून सांगता येत नाही. ते त्या वर्गाच्या बाईच सांगू शकतात.

आणि इथेच पहिला आक्षेप येतो : बाईंच्या डोक्यावर आणखी एक कागद? आक्षेप खरा आहे. कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बाहेरची कामे शिक्षकाला लावायला मुभा दिली असली, तरी प्रत्यक्षात याद्या, लिंका आणि तक्ते यांतून त्याची मान वर निघत नाही. दोन शिक्षक आणि पाच इयत्ता अशी अवस्था असलेल्या शाळा आपल्याकडे हजारोंनी आहेत. तेव्हा हे पत्र वाढीव काम म्हणून आले तर ते मरेल, आणि मेलेलेच बरे. काहीतरी काढून मगच ते आणले पाहिजे. पाठटाचणातल्या आठवड्याच्या नोंदीच्या जागी हेच पत्र धरावे आणि दिनविशेषांचे फोटो-अहवाल पूर्ण बंद करावेत. आठ-दहा ओळी, हाताने फळ्यावर लिहून त्याचा एक फोटो गटावर टाकला तरी चालेल. बहुवर्ग शाळेत दोन इयत्तांचे मिळून एक पत्र पुरे.

दुसरा आक्षेप असा की, वाचता न येणाऱ्या किंवा ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना पत्राचा काय उपयोग? त्यांच्यासाठी बाईंनी तेच दोन मिनिटांत बोलून आवाजी संदेश पाठवावा. उसाचा फड गावापासून कितीही लांब असो, मूल मागे आजीजवळ असले तर आई फोनवर त्याला ‘गठ्ठा सोडून दाखव’ म्हणू शकते. तिसरा आक्षेप मध्यमवर्गीय आहे. पालकांना पुढचा अभ्यासक्रम आठवडाभर आधी कळला की ते तो आधीच शिकवणीत उरकून घेतील. घेतील, काही जण. ते आजही घेतातच, पाठ्यपुस्तक काही गुप्त नाही. पण मुलाने काय करून दाखवावे हे सांगणारे पत्र आणि काय पाठ करावे हे सांगणारी सूचना यांचा घरावर होणारा परिणाम वेगळा असतो.

या तिन्हींपेक्षा अवघड आहे तो शिक्षकाच्या भीतीचा प्रश्न. ‘मागच्या आठवड्याचीच वजाबाकी या आठवड्यात पुन्हा घेतली, अजून निम्म्या मुलांना जमत नाही,’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या बाईंनाच साहेबांनी नोटीस काढली, तर पुढच्या शुक्रवारपासून सगळ्या पत्रांत सगळे घटक वेळेवर पूर्ण झालेले दिसतील. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२४ साली देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधली तिसरीची २३.४ टक्केच मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ च्या १६.३ टक्क्यांवरून ही चांगली चढण आहे; तरीही दर चारांतली तीन मुले अजून मागे आहेत. अशा देशात ‘अजून जमत नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याला संरक्षण मिळायला हवे. म्हणून हे पत्र वर पाठवायचे नाही, त्याची लिंक नाही, त्याचा तक्ता नाही, तालुक्याला त्याची टक्केवारी नाही. ते वर्गाचे आणि घराचे.

ते तपासायचेच असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने तपासावे. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आज या समित्यांच्या बैठकांत कुंपणाची भिंत, स्वच्छतागृह आणि खिचडीचा तांदूळ हे विषय असतात, आणि ते असलेच पाहिजेत. त्यांच्या जोडीला प्रत्येक वर्गाची मागच्या महिन्यातली चार पत्रे टेबलावर ठेवावीत आणि पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमांची यादी त्यांच्याशेजारी. ती पाहून समितीने मुख्याध्यापकांच्या समक्ष ठरवावे की, कोणता कार्यक्रम वर्गातच एका तासात होईल, कोणता संपूर्ण दिवस मागतो, आणि कोणता यंदा करायचाच नाही.