विश्लेषण : मधुमेहाची गोळी स्वस्त झाली, म्हणून बदलावी का?

काही वर्षांपूर्वी ६० रुपयांच्या आसपास मिळणारी मधुमेहाची एक गोळी आता काही कंपन्या दहा रुपयांच्या आत विकतात. साहजिकच ‘मलाही तीच द्या’ असे अनेकांना वाटते. मात्र गोळी बदलण्याचा निर्णय केवळ किमतीवर घेता येत नाही. तो का, हे समजून घेऊ.

गोळ्या स्वस्त कशामुळे झाल्या?

पेटंटची मुदत संपली की तेच औषध इतर कंपन्यांनाही बनवता येते. भारतात विल्डाग्लिप्टिन (२०१९), डापाग्लिफ्लोझिन (२०२०), सिटाग्लिप्टिन (२०२२) आणि एम्पाग्लिफ्लोझिन (मार्च २०२५) या औषधांबाबत असेच घडले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे. रोज आणि बहुधा आयुष्यभर घ्यायच्या गोळीची किंमत उतरणे हा त्यांच्यासाठी मोठाच दिलासा आहे.

ब्रँड बदलणे आणि औषध बदलणे यात फरक काय?

मूळ औषध आणि मात्रा तीच, फक्त कंपनी वेगळी, तर तो ब्रँडबदल. ग्लिमेपिराइड बंद करून एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केले, तर तो औषधबदल. दोन्ही गोळ्या ‘साखरेच्याच’ असल्या तरी त्यांचे काम निराळे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. एम्पाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडाद्वारे साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे नव्या गोळीनंतर लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच. औषध लागू पडले नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

डॉक्टर औषध का बदलतात?

सध्याच्या गोळ्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) आटोक्यात येत नसेल, साखर वारंवार खूप उतरत असेल किंवा वजन वाढत असेल, तर बदल केला जातो. मूत्रपिंडाची क्षमता घटल्यास मेटफॉर्मिनची मात्रा कमी करावी लागते, प्रसंगी ते थांबवावे लागते. साखर ठीक असतानाही हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार असल्यास एम्पाग्लिफ्लोझिनसारखे औषध दिले जाते. हृदयविकार असलेल्या मधुमेहींवरील २०१५ च्या चाचणीत या औषधामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले होते.

धोका कुठे असतो?

सर्वात साधी आणि सर्वात घातक चूक म्हणजे नवी गोळी सुरू होते, पण जुनी बंद होत नाही. अनेक गोळ्यांत दोन-तीन औषधे एकत्र असतात. नाव वेगळे असल्याने तेच औषध दुहेरी पोटात जाते. त्यात ग्लिमेपिराइड असेल, तर घाम, थरथर, चक्कर आणि शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ येऊ शकते. एकादशीचा किंवा रमजानचा उपवास असेल तर हा धोका वाढतो. वृद्धांना तो अधिकच.

उलट चूकही होते. नवी गोळी मिळाली म्हणून कोणी परस्पर इन्सुलिन थांबवतो. एम्पाग्लिफ्लोझिन गटातील औषधे घेताना असे केल्यास साखर फार वाढलेली नसतानाही रक्तातील आम्ल वाढून जिवावर बेतू शकते. याच कारणाने नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी ही गोळी थांबवतात. जुलाब-उलट्या होत असतील, तेव्हाही ती चालू ठेवावी का, हे डॉक्टरांना विचारावे. या गोळ्यांमुळे जननेंद्रियांना बुरशीचा संसर्गही होऊ शकतो. तो संकोचाने लपवू नये.

रुग्णांनी काय करावे?

डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. ‘कोणती सुरू, कोणती बंद’ हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावे. दुकानदाराने वेगळा ब्रँड दिल्यास पाकिटावरील मूळ औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम जुळवून पाहावेत. बदलानंतर सुरुवातीचे काही आठवडे घरी साखर अधिक वेळा तपासावी आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी करावी. औषधाचा खर्च परवडत नसेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे. स्वस्त पर्याय आता बऱ्याच गटांत आहेत; त्यातला आपला कोणता, हे मात्र मूत्रपिंड, हृदय आणि आधीची औषधे पाहूनच ठरते.