डोंगराआधीचं काउंटर

महाबळेश्वरला आम्ही अम्मींना आजवर तीनदा घेऊन गेलो. प्रत्येक पॉइंटला गाडी थांबली की त्या आधीच म्हणायच्या, "तुम्ही या जाऊन, मी बसते." गुडघे दुखतात, वय झालं, त्यांना गर्दी आवडत नाही, अशी आमची समजूत. आम्ही खिडकीची काच थोडी खाली करायचो, पाण्याची बाटली हातात द्यायचो आणि निघायचो. अर्ध्या तासानं भाजलेलं कणीस घेऊन परत यायचो. कणीस त्या आवडीनं खायच्या. म्हणजे सगळं ठीक आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

ते ठीक नव्हतं, हे कळायला आम्हाला लॉस एंजेलिसला जावं लागलं.

लेक आणि जावई तिथं राहतात. मागच्या जुलैत आम्ही दोघं आणि अम्मी त्यांच्याकडे दोन महिने होतो. एका शनिवारी जावयांनी सांता मोनिका डोंगरांत जायचं ठरवलं. शहराला लागूनच ही रांग आहे. अमेरिकेच्या संसदेनं १९७८ साली कायदा करून तिला राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राचा दर्जा दिला. क्षेत्र दीड लाख एकरांच्या आसपास, पण सगळं सरकारी नाही. मधे लोकांची घरं आहेत, राज्य सरकारची उद्यानं आहेत, खासगी जमिनी आहेत. सगळ्यांत उंच टोक सँडस्टोन पीक, ३,१११ फूट. म्हणजे आपल्या महाबळेश्वरपुढे ठेंगणंच. त्यामुळे आम्ही जरा तोऱ्यातच होतो. सह्याद्रीत वाढलेल्या माणसांना हा डोंगर काय करणार!

बेत असा होता की आम्ही चौघं नातीला घेऊन वर चढायचं आणि अम्मींनी गाडीत बसायचं. हे कुणी बोलून ठरवलं नव्हतं. ते ठरलेलंच असतं.

वाटेत व्हिजिटर सेंटरला थांबलो ते माहिती घ्यायला नव्हे. नऊ वर्षांच्या नातीला बाथरूमला जायचं होतं.

मलहॉलंड हायवेवर किंग जिलेट रँच नावाची जागा आहे, तिथं हे केंद्र आहे. हा जिलेट म्हणजे दाढीच्या ब्लेडवाला. जुन्या ब्लेडच्या कागदावर मिशीवाल्या माणसाचं चित्र असायचं, तोच. त्यानं १९२६ मध्ये ही जमीन घेतली आणि वॉलेस नेफ नावाच्या वास्तुकाराकडून वाडा बांधून घेतला. पुढे त्याची संपत्ती गेली आणि १९३२ मध्ये तोही गेला. त्यानंतर या जागेचे मालक बदलत राहिले, त्यांत एक सिनेदिग्दर्शक होता, धार्मिक संस्था होत्या, एक विद्यापीठही होतं. २००५ मध्ये सरकारी संस्थांनी मिळून ती लोकांसाठी विकत घेतली आणि २०१२ मध्ये जिलेटच्या घोड्यांच्या तबेल्यात हे केंद्र उघडलं. तबेला म्हटल्यावर अम्मींनाही बघावंसं वाटलं. जिना नव्हता, म्हणून त्या लेकीच्या हाताला धरून आत आल्या.

काउंटरवर गणवेशातल्या एक पोक्त बाई होत्या. जावयांनी सँडस्टोन पीकचा रस्ता विचारला. त्यांनी रस्ता सांगितलाच नाही. उलट विचारलं, किती जण? पाणी किती? पायात काय? किती वाजता चढायला लागणार?

पाच जणांत अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या होत्या. आमच्यापैकी एकाच्या पायात चपला होत्या. घड्याळात साडेअकरा वाजले होते आणि बाहेर पारा ३७ अंशांवर होता. बाईंनी मान हलवली. आम्हाला थोडा रागही आला. पैसे देऊन आलेल्या माणसाला कुणी असं विचारतं का? (पैसे दिलेच नव्हते, प्रवेश फुकट होता.) मग त्यांनी अम्मींकडे पाहून विचारलं, "आणि या?"

जावई म्हणाले, "त्या गाडीत बसतील."

त्या बाईंचा चेहरा बदलला. बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा-अकरा अंशांनी वाढतं, काच थोडी उघडी ठेवली तरी फारसा फरक पडत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचं शरीर लहान मुलासारखंच ही उष्णता लवकर बाहेर टाकू शकत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. लेक ते अम्मींना समजावून सांगत होती. अम्मींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, महाबळेश्वरलाही मी फक्त जीपच पाहिलीय."

लेकीनं हे इंग्रजीत सांगितलं की नाही, आठवत नाही. आम्ही खाली बघत होतो.

बाईंनी आतून एक खुर्ची आणली. घडीचा एक फुकटचा नकाशा असतो तो काउंटरवर पसरला आणि फिरवून अम्मींच्या समोर ठेवला. आमच्यासमोर नाही. पुढचा पाऊण तास त्या दोघींचा होता. मधे लेक दुभाषी, आणि आम्ही मागे उभे.

आधी दिशेचा घोळ झाला. आमचं चिपळूण असं की सकाळी सूर्य सह्याद्रीमागून येतो आणि संध्याकाळी समुद्राकडे जातो. डोंगर पूर्वेला, समुद्र पश्चिमेला, यात जन्म गेला. ही रांग मात्र पूर्व-पश्चिम आडवी पसरलेली, आणि समुद्र तिच्या दक्षिणेला. अम्मींनी नकाशावर दोनदा बोट फिरवलं. "म्हणजे इथं डोंगर आडवा झोपलाय," त्या म्हणाल्या. बाईंना ते फार आवडलं.

मग अम्मींनी विचारलं, जुलैत डोंगर असा करपलेला का? आपल्याकडे जुलैत दरडीसुद्धा हिरव्या असतात. उत्तर मिळालं की इथला पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळा पूर्ण कोरडा. भूमध्य समुद्राच्या काठासारखं हे हवामान जगात पाचच ठिकाणी आहे. झुडपांची पानं लहान आणि कडक असतात, ती पाणी धरून ठेवतात. हिरवळ बघायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या.

बाहेर जी मोठी डेरेदार झाडं दिसत होती ती ओकची. या भागात चुमाश लोक हजारो वर्षं राहत आले, आजही त्यांचे वंशज आहेत. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे ओकची फळं. पण ती कच्ची खाता येत नाहीत, कडू आणि तुरट असतात. वाळवून, सोलून, दगडावर कुटून पीठ करायचं आणि पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचं, कडूपणा जाईपर्यंत. मग त्याची पेज शिजवायची, तीही विणलेल्या टोपलीत. टोपली इतकी घट्ट की पाणी गळत नाही. चुलीवर ती ठेवता येत नाही, म्हणून तापवलेले दगड आत टाकायचे.

इथं अम्मी खुर्चीत पुढे सरकल्या. सुरणाची खाज घालवायला आपण चिंच नाहीतर आमसूल घालतो, रानातले कडू कंद चिरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, त्यांच्या आजीनं दुष्काळात ते खाल्ले होते, असं सगळं त्यांनी सांगितलं. लेकीची तारांबळ उडाली. सुरणाला इंग्रजीत काय म्हणतात हे तिला येत नव्हतं. फोनवर चित्र दाखवलं. काउंटरच्या बाई वहीत लिहून घेत होत्या! ही गोष्ट आम्ही आजवर ऐकली नव्हती. अम्मींना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

नातीला प्यूमात रस होता. तिथं त्याला माउंटन लायन म्हणतात. २००२ पासून या डोंगरांतल्या प्यूमांना पट्टे घालून त्यांचा अभ्यास चालू आहे. नराला शेकडो चौरस किलोमीटर जागा लागते, पण चहूबाजूंनी महामार्ग आणि समुद्र. बाहेरून नवीन जनावर येऊ शकत नाही, आतल्या आत नाती जुळतात आणि पिढी कमजोर होते. काहींच्या शेपट्या वाकड्या निघाल्या. पी-२२ नावाच्या एका नरानं दोन महामार्ग ओलांडले आणि हॉलिवूडजवळच्या ग्रिफिथ पार्कमध्ये दहा वर्षं एकट्यानं काढली. तिथं मादी कधी आलीच नाही. २०२२ च्या डिसेंबरात तो गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दहा पदरी १०१ महामार्गावरून जनावरांसाठी पूल बांधायला सुरुवात झाली होती. त्याच्यावर माती टाकून झाडं लावायची, म्हणजे जनावराला तो डोंगरच वाटेल.

आमच्या तोंडून आपोआप बोरिवलीचे बिबटे निघाले. संजय गांधी उद्यान १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास, भोवती मुंबई आणि ठाणे, आणि घोडबंदर रस्त्यावर गाड्यांखाली येणारी जनावरं. बाईंना हे ठाऊक होतं. मोठी रानमांजरं पोटात बाळगणारी जगात दोनच महानगरं, मुंबई आणि लॉस एंजेलिस, असं त्या म्हणाल्या. ही दोन्ही भगिनी-शहरं आहेत, हे मात्र आमच्या जावयांनी सांगितलं. तेवढीच त्यांची बाजू सावरली.

आगीबद्दल विचारलं तेव्हा त्या थोडं थांबल्या. २०१८ च्या नोव्हेंबरात वूल्सी नावाची आग लागली, जवळजवळ ९७ हजार एकर जळालं. या डोंगरांत नॅशनल पार्क सर्व्हिसची जेवढी जमीन आहे तिच्यातली ८८ टक्के त्यात होती. शेजारच्या पॅरामाउंट रँचवर सिनेमासाठी बांधलेलं अख्खं जुनं गाव होतं, त्यातलं चर्च आणि रेल्वे स्टेशन सोडलं तर काही उरलं नाही. "आणि झाडं?" अम्मींनी विचारलं. ओकची साल जाड असते, वरून कोळसा झालेलं झाडही पुन्हा पालवतं. अम्मी नुसतं "हां" म्हणाल्या. आमच्याकडे वणवा गेल्यावर बांधावरचं काय पालवतं आणि काय नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

शेवटी बाईंनी पेनानं नकाशावर एक छोटी रेघ ओढली. केंद्राच्या दारापासून तळ्यापर्यंत, सपाट वाट. आजींना जमेल, मधे सावली आहे, ओकखाली बसा, पाणी इथूनच भरून घ्या. तीन-तीन पानांचं एक झुडूप दिसलं तर हात लावू नका, अंगाला भयंकर खाज सुटते. डोंगर पुन्हा कधीतरी, सकाळी सातला.

आम्ही तसंच केलं. तळ्यापर्यंत अम्मी तीनदा थांबून गेल्या. डबा ओकखाली सोडला. नमाजेची वेळ झाली तेव्हा घरच्या सवयीनं आम्ही पश्चिमेला तोंड करायला लागलो. अम्मींनी नकाशा उघडला, उत्तरेचा बाण पाहिला आणि आम्हाला वळवलं. तिथून किबला उत्तरेच्या थोडा पूर्वेला येतो. नातीनं ज्युनियर रेंजरची पुस्तिका भरून पूर्ण केली, काउंटरवर उजवा हात वर करून शपथ घेतली आणि तिला बिल्ला मिळाला. तिनं तो गाडीत बसताना बडीनानींच्या ओढणीला लावला.

नकाशा आता आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी आहे.

या ऑक्टोबरात साताऱ्याला लग्न होतं, तिथून महाबळेश्वर. गावात शिरताच अम्मी म्हणाल्या, आधी खाली उतरा आणि विचारा, माझी खुर्ची कुठवर जाते. स्टँडजवळच्या एका टॅक्सीवाल्या भाईंना विचारलं. त्यांना प्रश्न नवा नव्हता. विल्सन पॉइंटला न्या म्हणाले. महाबळेश्वरात सगळ्यांत उंच तोच, ४,७०० फुटांच्या वर, आणि गाडी जवळपर्यंत जाते. तीनदा येऊन आम्ही हे कुणाला विचारलं नव्हतं. हॉटेलातून प्लॅस्टिकची एक खुर्ची मागून घेतली.

पाच वाजता अम्मींना तिथं बसवलं. समुद्र कुठल्या अंगाला, त्यांनी विचारलं. आम्ही पश्चिमेला हात केला. चिपळूण? तो डावीकडे, दक्षिणेच्या अंगाला. त्या बघत राहिल्या. सूर्य गेला, वारा गार झाला, आम्ही शाल आणली आणि म्हटलं, अम्मी, चला आता.

"तुम्ही बसा गाडीत," त्या म्हणाल्या. "मी येते."