अकरावीत गणित सोडण्याआधी एकदा हिशेब करा

दहावीचा निकाल लागला की घराघरांत चर्चा सुरू होते: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? सायन्स ठरले की लगेच दुसरा प्रश्न येतो, गणित ठेवायचे की सोडायचे? आमच्या मते हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच घाईत सुटतो.

2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठलेही लेकरू घरबसल्या 10 पर्यंत कॉलेजांची पसंती भरू शकते. पण त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की तिथेच प्रवेश घ्यावा लागला. म्हणजे विचार फॉर्म भरण्याआधीच व्हायला हवा.

आपल्या जिल्ह्यात मेडिकलची ओढ मोठी आहे. ते साहजिकच. सेवाग्रामचे मेडिकल कॉलेज 1969 पासून आहे, सावंगी मेघेचेही डोळ्यांसमोर आहे. मुलगी हुशार असली की अम्मी-अब्बा म्हणतात, 'बायोलॉजी घे, गणित सोड.' पण एमबीबीएसचा रस्ता फक्त नीटमधून जातो. कॉलेज घराजवळ आहे म्हणून जागा मिळत नाही. सावंगीचे कॉलेज अभिमत विद्यापीठाचे आहे, तिथली फी सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची. नीटमध्ये गुण कमी पडले आणि गणित सोडलेले असले, तर इंजिनिअरिंगचे दार बारावीनंतर बंद झालेले असते. मग बी.फार्म, नर्सिंग, बी.एस्सी. उरते. हे मार्ग वाईट नाहीत, पण ते निवडलेले असावेत, नाइलाजाचे नसावेत.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय एकत्र घेता येतात. सोबत इंग्रजी आणि दुसरी भाषा. अशा मुलाला नीट देता येते आणि सीईटीचे दोन्ही ग्रुपही देता येतात. ओझे वाढते हे खरे. ज्याला गणिताची खरोखर धास्ती आहे, त्याच्यावर जबरदस्ती करू नका. पण 'मुलींना गणित कशाला' एवढ्याच कारणाने विषय सोडू नका.

आता पैशाचा हिशेब. 2024-25 पासून राज्य सरकारने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट अशी की घरचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असावे आणि प्रवेश सरकारी कॅप फेरीतून झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. सेवाग्रामला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, वर्ध्यातही आहे. मुलगी रोज घरून जाऊन शिकू शकते. होस्टेलचा खर्च नाही, फीचा भार नाही. मात्र त्यासाठी बारावीत गणित हवे.

यात अडचण येते ती कागदपत्रांची. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांना जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. वैधतेसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. दादा-नानांच्या शाळेच्या नोंदीत बऱ्याचदा नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. तेव्हा जुनी कागदे शोधायला महिने जातात. हे काम अकरावीतच सुरू करा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. जे खुल्या प्रवर्गात येतात, त्यांनी ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र वेळेत काढावे.

उर्दू माध्यमाच्या पालकांसाठी एक गोष्ट खास. नीटचा पेपर उर्दूत देता येतो. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचा पेपरही उर्दूत मिळतो. गणिताचा मात्र फक्त इंग्रजीत. शिवाय अकरावी सायन्सचे वर्ग बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच चालतात. आपली मुले गणितात कच्ची नसतात, इंग्रजी शब्दांना घाबरतात. नववी-दहावीपासूनच मुसल्लस म्हणजे ट्रँगल, कसर म्हणजे फ्रॅक्शन असे दोन्ही शब्द वहीत शेजारी-शेजारी लिहायची सवय लावली, तर अर्धी भीती तिथेच जाते.

सीईटीत साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीचे असतात आणि 80 टक्के बारावीचे. म्हणून 'अकरावी आरामाची' हा समज सोडा. बोर्डाकडेही दुर्लक्ष नको. राज्यातील इंजिनिअरिंग प्रवेशासाठी ठरलेल्या विषयांत खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थेत जायचे असेल तर जेईई लागते, आणि बारावीला साधारण 75 टक्क्यांची अट असते.

या सुट्टीत एक संध्याकाळ काढा. मुला-मुलीला समोर बसवा, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि शाळेचा दाखला घेऊन त्यांच्या तोंडून ऐका की त्यांना काय करायचे आहे. मग शाळेतल्या शिक्षकांना भेटा आणि त्यानंतरच पसंतीक्रम भरा.