वुजूचे पाणी आणि उन्हाळ्यातल्या कुंड्या

उन्हाळा लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो. वापरायलाच पाणी पुरत नाही, तर कुंड्यांना कुठून घालायचे? प्रश्न रास्त आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. ज्या घरी चार-चार दिवस नळ येत नाही तिथे बागेचा विषय काढणे ही चैन वाटते. तरीही आम्ही म्हणतो, आठ-दहा कुंड्या जगतील इतके पाणी नमाजी घरातून रोज मोरीत जाते. ते वुजूचे.

प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लीटरच्या आसपास, वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. आपण मात्र नळ सोडून ठेवतो. पाच माणसांनी लोट्याने लीटरभरच पाणी घेतले तरी पाच वेळांचे 25 लीटर होतात. पुरुष मंडळी मशिदीत किंवा कामावर वुजू करतात असे धरले, तरी निम्मे घरातच राहते. बारा इंची कुंडीला भर उन्हाळ्यात दिवसाला लीटर-दीड लीटर पाणी पुरते. हिशेब तुम्हीच करा.

काही भगिनींना शंका असते की हे पाणी झाडांना चालते का. या पाण्याने पुन्हा वुजू करता येत नाही. पण बहुतेक फकिहांच्या मते ते नापाक नसते. चुलीपुढच्या चटणीसाठी पुदिना त्यावर वाढवायला हरकत नाही. फक्त साबणाचे आणि टूथपेस्टचे पाणी त्यात मिसळू देऊ नका. मोरीत स्टूल ठेवून खाली पसरट टब ठेवला की काम झाले. म्हाताऱ्या माणसांनाही बसून वुजू करणे सोपे जाते.

टबातले पाणी त्याच दिवशी संपवा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. कुंडीखालच्या बशाही आठवड्यातून एकदा नुसत्या ओतू नका, घासा. अंडी कोरड्या कडेलाही चिकटून राहतात.

पाणी घालण्याआधी बोट पेरभर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर थांबावे. उन्हाने मान टाकलेले झाड दुपारी पाहून घाईने तांब्या ओतला जातो, पण संध्याकाळी ते आपोआप सावरते. पाणी पहाटे, फजरनंतर घालणे उत्तम. माती, शेणखत आणि कोकोपीट सारखे घ्या, तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवा आणि वर सुक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन बोटे थर द्या. या थराने पाण्याची जितकी बचत होते तितकी महागड्या कुंडीने होत नाही. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या तापतात, त्या गोणपाटात गुंडाळा.

काय लावावे? इफ्तारीच्या चटणीसाठी पुदिना सर्वांत भरवशाचा. बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पाने काढून पाण्यात ठेवा. आठवड्याभरात मुळे फुटतात. मग पसरट डब्यात लावा. दुसऱ्या झाडाच्या कुंडीत मात्र नको, तो सगळी जागा बळकावतो. कोथिंबिरीचे धने हलकेच रगडून दोन फाका करून पेरा. कडक उन्हात ती पाने सोडून तुऱ्यावर येते, म्हणून तिला फक्त सकाळचे ऊन द्या. मेथी तर महिन्याच्या आत खुडायला येते.

चहाचा चोथा घालायचा असेल तर तो नीट धुऊन घाला. आपल्याकडे चहा दूध-साखर घालूनच उकळतो, आणि मग मुंग्या रांग लावतात.

अंगण असेल तर झाडलेली पाने जाळू नका, तीच आच्छादनाला हवीत. आंब्याला किंवा शेवग्याला पाणी खोडाशी ओतण्यात फारसा अर्थ नाही. पाणी शोषणारी बारीक मुळे लांब पसरलेली असतात, म्हणून आळे फांद्यांच्या सावलीच्या कडेला करावे. कुंपणाला मेंदी लावली असेल तर तिची काळजी सर्वांत कमी. एकदा मूळ धरले की ती थोड्या पाण्यावर तगते, आणि ईदच्या आदल्या रात्री शेजारच्या मुली पाने मागायला येतातच.