कॉफी, बांगडा आणि माझी वही

मागच्या हिवाळ्यात शाळेत मधल्या सुट्टीत कॉफी प्याले की अर्ध्या तासात गाल तापायचे, मानेला खाज सुटायची, नाक वाहू लागायचे. घरात निकाल लागला, "कॉफी सोड." येमेनच्या सूफींनी रात्र जागवायला जवळ केलेली कॉफी मी मुकाट्याने सोडली. तरी आठवड्यातून एकदोनदा तेच.

डॉक्टरांनी हिस्टॅमिनचे नाव काढले. हे द्रव्य शरीरात तयार होते, अन्नातूनही येते. आतड्यातले डीएओ नावाचे एन्झाइम ते मोडते. ते कमी पडले, की अ‍ॅलर्जी नसताना तसाच त्रास होऊ शकतो. याची खात्रीची तपासणी नाही, म्हणून त्यांनी रोज खाल्ले-प्यालेले वहीत लिहायला सांगितले. वह्या तपासणाऱ्या बाईंना स्वतःची वही!

तीन आठवड्यांत उत्तर दिसले. त्रासाचे दिवस म्हणजे डब्यात बांगडा असलेले दिवस. नवघरच्या बाजारातून संध्याकाळी घरी येताना घ्यायचे, तेव्हा बर्फ कधीच वितळलेला असायचा. मासा उबेत राहिला की जिवाणू त्यात हिस्टॅमिन तयार करतात. मग तळा, उकडा, फ्रीजरमध्ये ठेवा, ते जात नाही. माशाला वास येईलच असेही नाही.

मग कॉफी निर्दोष? पूर्ण नाही. तिच्यात हिस्टॅमिन नाममात्र असते. ती डीएओला अडवते असे सर्रास सांगतात, पण ते पक्के सिद्ध झालेले नाही. मात्र कॅफीन स्वतःच छातीत धडधड आणि पोटात घाई करते, आणि तेही आपण हिस्टॅमिनच्याच खात्यावर लिहितो. शंका असेल तर दोनतीन आठवडे कॉफी बंद ठेवा. मग जेवण ताजे असेल त्या दिवशी अर्धा कप घेऊन पाहा. कॅफीन काढलेल्या कॉफीनेही तेवढाच त्रास झाला, तर दोष कॅफीनचा नाही. वांगी, टोमॅटो, पालक, सगळे एकदम सोडू नका. मुलांचे तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. आणि ओठ किंवा घसा सुजला, श्वास अडकला, तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

आता नाश्त्यानंतर मी एक कप घेते. रमजानमध्ये इफ्तारला रिकाम्या पोटी मात्र नाही. बांगडा सकाळी बर्फातला आणते, त्याच दिवशी संपवते.

अम्मी अजून बांगड्याचीच बाजू घेतात.